संध्याकाळी सातनंतरचे डॉक्टर

बॉस, खरं सांगा. राजीनाम्याचा एक ड्राफ्ट तुमच्याही मेलबॉक्समध्ये पडलेला आहे ना? ‘रिस्पेक्टेड सर’पासून ‘थँकिंग यू’पर्यंत सगळं लिहून तयार. फक्त ‘सेंड’ दाबायचं बाकी. अप्रेझलच्या दिवशी हा ड्राफ्ट उघडतो आणि पगार जमा झाला की गुपचूप बंद होतो. मधले दिवस आपण कॅन्टीनमध्ये एकमेकांना पटवत असतो, की आपण मुळात इथले नाहीच! कुणी आतून गिटारिस्ट असतो, कुणी फोटोग्राफर, कुणी नट.

हा आजार फक्त हिंजवडीत असतो, असं समजू नका. अमरावती-अकोल्यात तो जरा जास्तच जोरात आहे. कारण आमच्याकडे राजीनाम्याला पुण्या-मुंबईचं तिकीटही जोडावं लागतं. माझा एक मित्र अकोल्याला बँकेत आहे. आवाज असा, की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जावा. परवा राजकमल चौकात चहा घेताना त्यानं डिक्लेअर केलं, ‘सोडून राह्यलो बे मी नोकरी. मुंबईले जातो. नाटक करतो.’

‘घरचं लोन?’

‘पाहू ना. डॉक्टर लागूनं नाई सोडली का डॉक्टरकी? मंग!’

हे ‘मंग!’ म्हणजे वऱ्हाडातलं सुप्रीम कोर्ट. त्यापुढे अपील नाही. आणि दोस्ताचा दाखला तसा अचूकही होता. मराठीत ‘पॅशनसाठी करिअर सोडलं’ म्हटलं की पहिलं नाव येतं डॉ. श्रीराम लागूंचं. कान-नाक-घशाचे सर्जन, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पूर्णवेळ नट झाले आणि वर्षभरात ‘नटसम्राट’! मोटिव्हेशनल पोस्टरला याहून भारी मटेरियल कुठून आणणार?

फक्त पोस्टरवर मधली वर्षं मावत नाहीत. मावली असती, तर दोस्तानं वेगळा दाखला शोधला असता.

लागूंचा जन्म १९२७ चा, साताऱ्याचा. शिक्षण पुण्यात. फर्ग्युसन कॉलेज आणि मग बी. जे. मेडिकल. नाटकाचं वेड कॉलेजातच लागलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला प्रा. भालबा केळकर आणि मंडळींच्या सोबतीनं पुण्यात पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी राहिली. हौशी संस्था. हौशी म्हणजे काय, तर नाटकावर कुणाचं घर चालत नाही. ज्याचं त्याचं पोटापाण्याचं काम उरकायचं आणि संध्याकाळी तालमीला यायचं. लागू दिवसा पेशंटचे घसे तपासायचे आणि संध्याकाळी स्वतःचा घसा कामाला लावायचे. पुण्यात पाच-सहा वर्षं प्रॅक्टिस केली, पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन आले, साठच्या दशकात आफ्रिकेत, टांझानियातल्या टबोरा गावी डॉक्टरकी केली. आणि १९६९ मध्ये, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून, ते व्यावसायिक रंगभूमीवर पूर्णवेळ दाखल झाले.

आता हिशेब करा. परदेशातली वर्षं वजा केली, तरी पहिली हौशी तालीम आणि ‘सेंड’ बटण यांच्यात दहा-बारा वर्षांच्या संध्याकाळी निघतात. लागूंनी नोकरी सोडून नट व्हायचा प्रयत्न केला नाही. ते नट झालेले होते, मग त्यांनी नोकरी सोडली. वाक्यातली नुसती ऑर्डर बदलली, पण सगळा मामला तिथेच आहे, राजेहो!

आमच्या अकोला-अमरावती हायवेची गोष्ट ठाऊक असेलच. जून २०२२ मध्ये इथे सलग ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाली. गिनीज रेकॉर्ड! पाच दिवसांच्या आत रस्ता तयार. आपल्या डोक्यातही करिअरचा रस्ता असाच असतो. सोमवारी राजीनामा, शुक्रवारपर्यंत डांबर. नटाचा रस्ता मात्र गिट्टी टाकून, दाबून, पाणी मारून, वर्षानुवर्षं तसाच ठेवावा लागतो. आणि त्या काळात त्यावरून कुणी जात नाही, हे सगळ्यात जीवघेणं.

ब्रिटनमध्ये हे सगळं वेगळं दिसतं, हेही पाहून घेऊ. सर जॉन गिलगुड घ्या. जन्म १९०४. आजीकडचं घराणंच नाटकवाल्यांचं, एलन टेरीसारखी नटी नात्यात. लंडनच्या नाट्यशाळेत शिकले, विशीतच धंद्यात पडले. १९३० मध्ये ओल्ड विक थिएटरला हॅम्लेट केला आणि लगेच १९३१ मध्ये तिथेच किंग लिअर. वय सत्ताविशीच्या आसपास! ऐंशीच्या पुढचा म्हातारा सत्ताविशीत केला, पुढे तो पुन्हापुन्हा केला, आणि वयाच्या नव्वदीत रेडिओवरही केला. त्यांना संध्याकाळी सातपर्यंत दुसरं काही करावं लागलं नाही. शाळा होती, थिएटर होतं, पगार होता. ऑस्कर मात्र मिळालं ते ‘आर्थर’मधल्या बटलरच्या रोलला. लिअर, हॅम्लेट बाजूला, ट्रे घेऊन उभा राहणारा नोकर!

लागूंचा लिअर आला २३ डिसेंबर १९७० रोजी. वि. वा. शिरवाडकरांनी ‘किंग लिअर’चा सांगाडा घेतला आणि त्यात अस्सल मराठी माणूस उभा केला. रंगभूमीवरून निवृत्त झालेले गणपतराव बेलवलकर, ज्यांनी असेल-नसेल ते मुलांना वाटून टाकलं आणि मग बायकोला घेऊन रस्त्यावर आले. गोवा हिंदू असोसिएशनचं नाटक, दिग्दर्शक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे आपल्या विदर्भाचा हात त्यात आहेच. त्रेचाळीस वर्षांच्या लागूंनी तो थकलेला, चिडलेला, मधूनच पोरासारखा हसणारा म्हातारा असा उभा केला, की पुढच्या प्रत्येक बेलवलकरला आधी लागूंशी तुलना सोसावी लागली. २०१६ चा सिनेमा करताना नाना पाटेकरांनाही ती चुकली नाही.

आणि दोघांची गंमत पाहा. रिचर्ड अॅटनबरोंच्या ‘गांधी’ सिनेमात, १९८२ मध्ये, दोघंही आहेत. लागू झालेत गोपाळ कृष्ण गोखले आणि गिलगुड व्हाइसरॉय आयर्विन. एकमेकांसमोर येत नाहीत, कारण आयर्विन भारतात येण्याच्या बरीच वर्षं आधी गोखले गेलेले होते. पण एक जण घराण्याच्या वाटेनं आलेला, दुसरा ऑपरेशन थिएटरमधून. पडद्यावर फरक शोधून दाखवा!

‘त्याईचं ठीक आहे भाऊ, पुणं होतं त्याईच्याजवळ. अकोल्यात काय आहे?’ हा पुढचा डायलॉग मला पाठ आहे. चला, अकोल्याचीच गोष्ट सांगतो.

विष्णु मोरेश्वर महाजनी नावाचे एक मास्तर होते. वऱ्हाडात शिक्षणखात्यात नोकरी, अकोल्याच्या हायस्कुलात हेडमास्तर. म्हणजे पक्के नोकरदार. या माणसानं शाळा सांभाळून शेक्सपिअर मराठीत आणायला घेतला. ‘सिंबेलीन’चं त्यांनी केलेलं ‘तारा’ हे नाटक १८७९ चं. त्यांच्याच अकोल्यात शिकून १८७५ मध्ये मॅट्रिक झालेला एक गरीब विद्यार्थी पुढे पुण्याला गेला. त्याचं नाव गोपाळ गणेश आगरकर. होय, तेच ‘सुधारक’वाले! आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणला. ‘विकारविलसित’, १८८३. आणि तो हॅम्लेट शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी असा गाजवला, की मराठी नटांच्या पिढ्या त्याच्या आठवणीवर जगल्या. बेलवलकर आपल्या नाटकात ज्या जमान्याच्या आठवणी काढून बोलतात, तो जमाना हाच. म्हणजे मुंबईच्या रंगमंचावर लागू उभे होते, त्या फळीखाली कुठेतरी अकोल्याच्या एका हेडमास्तरच्या संध्याकाळी गाडलेल्या आहेत. यापेक्षा लोकल कनेक्शन काय पाहिजे?

आता लागूंच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायलाच हवी, नाहीतर हे पुन्हा पोस्टरच होईल. त्यांच्या खिशात सर्जनची डिग्री होती. नाटक पडलं असतं, तर पाटी पुन्हा लावता आली असती. आपल्यापैकी अनेकांच्या खिशात फक्त ईएमआयचं वेळापत्रक असतं, आणि घरात आई-वडिलांच्या औषधांची यादी. अशा माणसाला ‘उडी मार, जाळी आपोआप येते’ असं सांगणाऱ्यांपासून दोन हात लांब राहिलेलं बरं. जाळी आपोआप येत नाही. लागूंनी ती स्वतः विणली होती, एक हात रुग्णालयात ठेवून.

पण उडी मारल्यावर त्यांनी काय केलं, हेही तितकंच भारी. सेफ खेळले नाहीत. ‘नटसम्राट’ आलं त्याच १९७० मध्ये त्यांनी विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ दिग्दर्शित केलं. सेन्सॉरला साडीवरच्या लाल डागाचा आक्षेप, तर डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं, की हा लाल समजून घ्या! १९७२ मध्ये ‘पिंजरा’तले मास्तर. मग ‘सामना’, समोर निळू फुले. १९७९ मध्ये ‘सिंहासन’. आपल्या विदर्भाच्या महेश एलकुंचवारांच्या ‘आत्मकथा’तही ते होते. हिंदीत ढीगभर सिनेमे, त्यात कित्येक डॉक्टर, वकील, जज आणि हिरॉईनचे बाप. सगळेच काही ग्रेट नव्हते. पण ‘घरौंदा’ पाहा एकदा. १९७७ चा सिनेमा, मुंबईत घर घेता येत नाही म्हणून रखडलेलं ऑफिसातलं जोडपं आणि त्यांचा वयस्क बॉस. तो बॉस म्हणजे लागू. त्या रोलला त्यांना फिल्मफेअर मिळालं. फ्लॅट बुक करून पझेशनची वाट पाहणाऱ्यांनी तर जरूर पाहा. आणि सत्तरी ओलांडल्यावर ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये त्यांनी सॉक्रेटिस केला. ज्या वयात लोक पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत असतात, त्या वयात ते नवं, अवघड, लांबलचक पाठांतर करत होते. १७ डिसेंबर २०१९ रोजी ते पुण्यात गेले, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी.

त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘लमाण’. वऱ्हाडात लमाणांचे तांडे कुणाला समजावून सांगायला नकोत. बैलांच्या पाठीवर माल लादायचा आणि या गावाहून त्या गावी पोचवायचा. लागूंच्या लेखी नट हाच धंदा करतो. माल लेखकाचा, आपण फक्त तो प्रेक्षकापर्यंत न सांडता न्यायचा. आता बघा, ‘मला स्टार व्हायचंय’ असं म्हणणाऱ्याला राजीनाम्याशिवाय मार्ग दिसत नाही. ‘मला माल पोचवायचाय’ म्हणणाऱ्याला मात्र आज संध्याकाळीही काम आहे.

मी दोस्ताला एकच विचारलं होतं. शेवटचं नाटक कधी केलंस?

‘गॅदरिंग. २०१४.’

‘आणि मधात?’

‘टाइम कुठी भेटते बे? ऑफिसातून आलो का जीव जाते.’

जीव जातो, कबूल. महिनाअखेरीला तर जातोच जातो. पण मुंबईत ऑडिशनच्या रांगेत पहिला प्रश्न हाच येणार, आणि तिथे ‘२०१४’ हे उत्तर चालणार नाही. अमरावतीच्या भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी ‘चला हवा येऊ द्या’मधून घराघरांत पोचली, ते आपल्याला दिसलं. त्याआधीची वर्षं आपल्याला दिसली नाहीत, एवढाच फरक.

तेव्हा तो ड्राफ्ट डिलीट करा, असं मी मुळीच म्हणत नाही. राहू द्या. कधीतरी त्याचीही वेळ येईल. तोपर्यंत एवढंच करा. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आपल्याकडची हौशी मंडळी दरवर्षी कुठल्या तरी शाळेच्या वर्गात, कुणाच्या तरी हॉलमध्ये तालमी करतात. त्यांना नेहमी एक माणूस कमी पडत असतो. कधी नट, कधी लाइटवाला, कधी नुसता प्रॉम्प्टर. नंबर कुणाकडे ना कुणाकडे असतोच, अमरावती काही न्यूयॉर्क नाही. फोन करा, वेळ विचारा. बहुतेक उत्तर येईल : सात वाजता.

डबा सोबत घ्या. दहाच्या आत सुटका नसते.