हळद घालायची, तर हिशेबाने

कोंबड्यांसह अन्न देणाऱ्या सर्व प्राण्यांसाठी कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरण्यावर केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये बंदी घातली. पक्ष्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळणे युरोपीय संघाने त्याआधीच, 1 जानेवारी 2006 पासून, थांबवले होते. या मोकळ्या झालेल्या जागेत आता 'नैसर्गिक' लिहिलेल्या पिशव्या आणि बाटल्या भराभर येत आहेत. सातारा-सांगलीच्या ब्रॉयलर उत्पादकाला तर लांब जायचीही गरज नाही. सांगलीची हळद, जिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हाताशी आहे. कोरेगाव भागात आले पिकते, शेवगा बांधावर उभा आहे. त्यामुळे कुठल्याही शेडवर गेले की पहिला प्रश्न ठरलेला: टनाला हळद किती टाकायची?

त्याआधी कोणती हळद, हे विचारायला हवे. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष असलेल्या खाद्यात अर्धा टक्का हळद घातली होती. विषाचा त्रास काही अंशी कमी झाला. पण त्या संशोधकांनी आधी हळदीतले कर्क्युमिन हे मुख्य गुणकारी द्रव्य मोजले होते आणि ते जेमतेम दीड टक्का भरले, म्हणजे किलोभर खाद्यात 74 मिलिग्रॅम. तीन टक्क्यांची हळद असेल तर त्याच अर्ध्या टक्क्यात दुप्पट कर्क्युमिन जाते. पोल्ट्रीसाठी म्हणून स्वस्तात मिळणारी कणी किंवा गोदामातली झाडलोट यांचे कर्क्युमिन कुणीच मोजलेले नसते. शिवाय ती दमट असली तर बुरशी सोबत येते, आणि जिच्यावर उतारा म्हणून हळद घालायची तीच आपण पोत्यातून शेडमध्ये नेतो. रंग उठून दिसावा म्हणून हळकुंडाला शिसेयुक्त लेड क्रोमेट लावल्याचे प्रकारही देशात सापडलेले आहेत. पक्ष्याच्या पोटात गेलेले शिसे शेवटी माणसाच्या ताटात येते.

आता पैशाचे बोलू. पाच हजार पक्ष्यांची बॅच सव्वादोन किलोला काढायची आणि एफसीआर, म्हणजे किलोभर वजनासाठी लागणारे खाद्य, 1.60 धरला, तर खाद्य साधारण 18 टन लागते. अर्धा टक्का म्हणजे 90 किलो हळद. किलोला दीडशे रुपये धरले तर 13,500 रुपये. खाद्य चाळीस रुपये किलो धरले तर एफसीआर 1.57 वर आला तेव्हा कुठे हळदीचा खर्च निघतो. नफा त्यानंतर. आणि इथेच आमची खरी अडचण आहे: या दोन जिल्ह्यांत करारावर पक्षी वाढवणारे पुष्कळ आहेत. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे; शेड, वीज, पाणी, मजुरी शेतकऱ्याची. हळद शेतकऱ्याने विकत आणायची आणि वाचलेले खाद्य कंपनीचे, असा हा व्यवहार होतो. संगोपन दरात चांगल्या एफसीआरचा बोनस किती, हे करारात वाचल्याशिवाय एक किलोही हळद आणू नये. 2019 मध्ये इस्लामपूरहून उघडकीस आलेल्या कडकनाथ कोंबडीपालनातल्या फसवणुकीच्या प्रकरणाने तोंडी आश्वासनांची किंमत या भागाला पुरती दाखवली आहे.

करारातल्या शेतकऱ्याच्या हातात जे आहे, त्यात खाण्याची वेळ सर्वांत मोलाची. माण, जत, आटपाडीच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाला खाल्लेले खाद्य पचताना पक्ष्याच्या अंगात उष्णता तयार करते आणि ती ऐन दुपारी चढते. सकाळी दहाच्या सुमारास फीडर वर घ्यावेत, चार-पाचला खाली सोडावेत, पहाटे दिवा लावून खायला द्यावे. सोडताना फीडर पुरेसे हवेत, नाहीतर गर्दीत पक्षी ओरबाडले जातात. पाणी मात्र क्षणभरही बंद नको. हे सारे कंपनीच्या सुपरवायझरला सांगून करावे. याला एक रुपया लागत नाही आणि उन्हाळ्यातली मरतूक आवरायला बाजारातल्या बहुतेक बाटल्यांपेक्षा याचा आधार जास्त आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाण्यातून काढा किंवा गूळ देणाऱ्यांनी एवढे सांभाळावे. हळद पाण्यात विरघळत नाही, तिचा गाळ निपलमध्ये बसतो. गुळाच्या पाण्यावर पाइपात चिकट थर धरतो. पिल्ले उतरवल्यावर पहिल्या काही तासांपुरता गूळ ठीक, पण नंतर लाइन धुवायलाच हवी. लसीच्या पाण्यात काढा, आम्ल, क्लोरीन यांतले काहीही नको. आणि रक्ती हगवण लागली तर कडुलिंबाच्या भरवशावर दिवस घालवू नयेत, पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे.

शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच आहे. सांगलीच्या बाजारातल्या निरनिराळ्या प्रतींची हळद घेऊन, कर्क्युमिन आणि शिसे तपासून, इथल्याच मक्यावर आणि इथल्याच उन्हाळ्यात प्रयोग त्यांनी हाती घ्यावेत, अशी आमची विनंती आहे. कंपन्यांनी खाद्यात काय मिसळले ते पोत्यावर मराठीत छापावे. वाचकांनी एवढे करावे: एकाच शेडमध्ये जाळी लावून दोन भाग करा, पिल्ले एकाच दिवसाची आणि एकाच हॅचरीची ठेवा, एका भागाला हळद द्या, दुसऱ्याला देऊ नका. दर आठवड्याला वजन, खाद्य आणि मरतूक लिहा. निदान तीन बॅचचे आकडे आमच्याकडे पाठवा. फायदा दिसला नसेल तरी पाठवा, तेही छापू.