सत्तरीनंतर यकृतातल्या गाठींवर शस्त्रक्रिया : नुसते वय पाहून ‘नको’ म्हणू नका

मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये पसरला की तो चौथ्या स्टेजचा धरला जातो. रुग्ण पंचाहत्तरीचा असेल तर घरचे म्हणतात, “आता या वयात कशाला चिरफाड?” काळजी खरी आहे. पण या आजारात गाठी यकृतापुरत्याच असतील आणि पूर्ण काढता येत असतील, तर काही रुग्ण कायमचे बरेही होतात.

वयामुळे धोका किती वाढतो?
अशी शस्त्रक्रिया झालेल्या ७,७६४ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तरी ओलांडलेल्यांपैकी ३.८ टक्के रुग्ण पहिल्या ६० दिवसांत दगावले. त्याहून तरुण रुग्णांत हे प्रमाण १.६ टक्के होते. तीन वर्षांनंतर मात्र अनुक्रमे ५७.१ आणि ६०.२ टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे सुरुवातीचा धोका दुपटीहून जास्त, पण पुढचा फायदा जवळपास सारखाच. अर्थात, हे शस्त्रक्रिया झेपेल म्हणून निवडलेले रुग्ण होते.

मग काय पाहायचे?
हृदय, फुफ्फुसे, किडनी, वजन, स्मरणशक्ती आणि रोजचे चालणे-फिरणे. निरोगी यकृताचा सुमारे ७० टक्के भाग काढला तरी उरलेला वाढून काम सांभाळतो. केमोथेरपी झालेली असेल किंवा फॅटी लिव्हर असेल तर जास्त भाग राखावा लागतो.

नवा पर्याय
सुई घालून उष्णतेने गाठ जाळण्याच्या उपचाराला अॅब्लेशन म्हणतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नेदरलँड्समधील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या ‘कोलिजन’ चाचणीत ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी हा उपचार शस्त्रक्रियेच्या तोडीचा ठरला आणि गुंतागुंतही कमी झाली. वयस्कर रुग्णांसाठी ही मोठी गोष्ट आहे. मात्र मोठ्या पित्तनलिकेला लागून असलेल्या गाठींसाठी तो सहसा योग्य नसतो.

खर्च
२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. तुमचे रुग्णालय आणि उपचार त्यात बसतात का, हे आरोग्यमित्रांना आधी विचारा.

डॉक्टरांना हे विचारा
• गाठी पूर्ण काढता किंवा जाळता येतील का?
• यकृताच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या सर्जनने स्कॅन पाहिले आहेत का?
• उरलेले यकृत पुरेल का?
• काहीच केले नाही, किंवा फक्त केमो दिली, तर पुढे काय?

शस्त्रक्रियेनंतरही आजार उलटू शकतो, म्हणून नियमित तपासण्या चुकवू नका. आणि निर्णय घेताना आजी-आजोबांपासून निदान लपवू नका. सगळे समजून घेऊन ते “नको” म्हणाले, तर तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांना न विचारता, केवळ जन्मतारीख पाहून आपण “नको” म्हणणे योग्य नाही.