वाळवी, सोमल आणि ‘प्रगती’ची सरळ रेषा (थ्रेड)

वाळवी-नियंत्रणाचा इतिहास बहुधा असा सांगितला जातो: आधी अडाणी उपाय, मग आधुनिक रसायनांचा विजय. ही मांडणी खोटी आहे. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण तिला पुरेसे आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे जमिनीखालच्या वाळवीवर सोमलाची भुकटी वापरली जाई. लाकडातली वा मातीच्या नळीतली वाट अलगद उघडायची, चिमूटभर भुकटी आत फुंकायची, भोक बुजवायचे आणि थांबायचे. वाळव्या एकमेकींचे अंग चाटून साफ करतात, तोंडातला घास एकमेकींना भरवतात, मेलेल्यांनाही खातात. त्यामुळे विष कोणी न पाहिलेल्या वारुळापर्यंत आपोआप पोहोचते. मात्र ते सावकाश मारणारे हवे. वाटेतच मुडद्यांचा खच पडला, तर उरलेल्या वाळव्या ती वाट मातीने लिंपून दुसरी काढतात. या पद्धतीचा पाया कीटकाच्या वर्तनाचे ज्ञान हा होता. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी वाळवी नीट पाहिलेलीच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोर्डेन, हेप्टाक्लोर, आल्ड्रिन, डिल्ड्रिन आली. घराखालची माती विषाने भिजवली की काम संपले. वारूळ कुठे आहे, हे शोधण्याची गरज कोणाला उरली? ते तसेच जिवंत राही, फक्त घराची वाट अडे. ही द्रव्ये मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि प्राण्यांच्या चरबीत साठतात. गंमत अशी की, हा टिकाऊपणाच त्यांचा मोठा गुण मानला गेला! अमेरिकेत क्लोर्डेनची विक्री १९८८ मध्ये थांबली, ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक भागांत या गटावर १९९५ मध्ये बंदी आली. घरांखालच्या मातीत मुरलेले विष बंदीच्या आदेशाने नाहीसे होत नाही.

यावर भुकटीचा इतिहास तरी कुठे निष्कलंक आहे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. सोमल माणसालाही मारतो. उत्तर ऑस्ट्रेलियातील मॅस्टोटर्मिस या महाकाय वाळवीविरुद्ध वापरलेले मायरेक्स तर त्याच क्लोरीनयुक्त कुळातले. २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या पहिल्याच यादीत त्याचे नाव होते. परंतु एका बाजूला काही ग्रॅम आहेत आणि दुसऱ्या बाजूला घराखालची सगळी जमीन. शिवाय भुकटीतले विष बदलता आले, तंत्र टिकले. पुढे आलेले ट्रायफ्लुम्युरॉन वाळवीला कात टाकू देत नाही. तेही तसेच, उघडलेल्या वाटेत थोडेसे फुंकले जाते.