प्रतिकारशक्तीचा संयम

रोगप्रतिकारशक्ती जितकी प्रखर तितके आरोग्य निर्वेध, हा समज जाहिरातींनी अलीकडे घरोघर पोहोचवला आहे. परंतु शरीराचा हा कारभार ज्यांनी दशकानुदशके न्याहाळला, त्या शास्त्रज्ञांना तेथे प्रखरतेइतकाच संयमाचा कडक बंदोबस्त आढळला, आणि तो सामान्य वाचकानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रतिकाराच्या कार्याला दिशा देणारी जी साहाय्यक टी-पेशी, तिच्यापुढे जंतूचा अंश सादर झाला, तरी तेवढ्याच पुराव्यावर ती सहसा कामाला लागत नाही. सादर करणाऱ्या पेशीला उपद्रवाची खूण पटून तिच्या पृष्ठभागावर बी-7 हे रेणू विपुल प्रकटले, आणि ते टी-पेशीवरील सीडी-28 शी जुळले, म्हणजेच जणू दुसरी सही पडून हुकूम अमलात येतो. ही सही न लाभलेली पेशी पुढे पुरेसा पुरावा मिळूनही बधिर राहू शकते. आपली शक्ती आपल्याच अवयवांवर उलटू नये म्हणून निसर्गाने केलेल्या तजविजींपैकी ही एक प्रमुख होय.

हा शिरस्ता मोडल्यास काय ओढवते, ते 13 मार्च 2006 रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातील औषधचाचणीत दिसले. जंतूच्या अंशाचा पुरावा या पहिल्या सहीची गरजच न ठेवता सीडी-28 ला थेट चेतवणारे टीजीएन-1412 हे प्रतिद्रव्य, माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाइतकेच, सहा निरोगी तरुणांना शिरेवाटे दिले गेले. दीड तासाच्या आत डोकेदुखी, अंगदुखी व मळमळ सुरू झाली, आणि दिवस उलटण्यापूर्वी सहाही जण अत्यवस्थ झाले. सर्वांचे प्राण वाचले. एकाला मात्र पायांची बोटे व हातांच्या बोटांची टोके गमवावी लागली.

याच ज्ञानाचा विवेकी उपयोगही झाला आहे. बी-7 ला अडवून सांधेदाह शमवणारे अ‍ॅबॅटासेप्ट 2005 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. उलटपक्षी, टी-पेशीला आवरणाऱ्या सीटीएलए-4 चा लगाम सैल करून कर्करोगाशी झुंजणारे इपिलिमुमॅब 2011 मध्ये आले, ज्याच्या मुळाशी असलेल्या संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन यांना 2018 चे नोबेल पारितोषिक लाभले. पण त्या औषधाने काही रुग्णांच्या आतड्यांना तीव्र दाह होतो, हेही विसरता येत नाही.

म्हणून सरसकट ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याकडे, कोणती शक्ती, किती आणि कशाविरुद्ध, याचा दाखला मागावा, व दाखल्याविना असे दावे छापण्यास सरकारने मज्जाव करावा. विशिष्ट जंतूची ओळख पटवून ही शक्ती रीतसर जागी करणारा पारखलेला उपाय म्हणजे लस. ती वेळेवर घ्यावी, हेच वाचकांना आग्रहाचे सांगणे.