स्मारक आणि बाजार

हत्याकांडांची स्मारके पाहून आलेल्या प्रवाशांची वर्णने हल्ली पुष्कळ वाचावयास मिळतात. सकाळी मृतांची हाडे पाहावीत आणि सायंकाळी त्याच गावच्या बाजारात भाजी घेणाऱ्या माणसांत मिसळावे, हे मनाला कसे साधावे, असा प्रश्न त्यांतील कित्येकांस पडतो. आमच्या मते ह्या दोन गोष्टी परस्परांपासून दूर नाहीत. स्मारकाचा अर्थ पुष्कळदा बाजारातच उलगडतो. हे आम्हांस कसे कळले, ते विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गतवर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही मिरजगावाहून कोल्हापुरास गेलो होतो. तेथील महावीर उद्यानात पोलंड देशाच्या निर्वासितांचा एक स्मृतिस्तंभ आहे. १९३९ साली जर्मनी व रशिया ह्यांनी पोलंड वाटून घेतला. जर्मनांनी तेथे ऑश्विट्झसारख्या छावण्या उभारल्या. त्या एका ठिकाणी सुमारे ११ लक्ष माणसे मारली गेली व त्यांत सुमारे १० लक्ष यहूदी होते. पूर्वेकडील लक्षावधी लोकांना रशियाने मालगाड्यांत कोंबून सायबेरियाच्या बाजूस धाडले. त्यांतून वाचलेल्या स्त्रिया व मुले इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोल लोक कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते. ज्या स्तंभापाशी आम्ही उभे होतो, तो वधाचा नव्हे, आश्रयाचा होता. त्याच्या आसपास मुले खेळत होती व वृद्ध मंडळी फेऱ्या घालीत होती; स्तंभाकडे फारसे कोणी पाहत नव्हते.

दुसऱ्या दिवशी छावणीच्या खुणा शोधीत वळिवड्यास गेलो, तो समोर गांधीनगरची कापडपेठ! पोल लोक १९४८ साली निघून गेले आणि फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे त्याच जागी येऊन वसली. आज तेथे दूरदूरचे व्यापारी माल भरावयास येतात. आम्हीही एका दुकानात शिरलो. मालकांनी आम्हांस गादीवर बसविले, चहा मागविला आणि मग ठाणामागून ठाण उलगडून दाखविले. एका देशाच्या निराश्रितांची जागा दुसऱ्या निराश्रितांस मिळाली आणि त्यांनी तेथे पेठ उभी केली, हे केवळ स्तंभ पाहून परतलो असतो तर आमच्या ध्यानी आले नसते. आश्रय देणे म्हणजे अखेर रोजचा व्यवहार करू देणे होय: भाकरी, शाळा, दुकान आणि बसावयास जागा.

परंतु रोजच्या व्यवहाराची दुसरीही एक बाजू आहे. आफ्रिकेतील रवांडा देशात १९९४ साली एप्रिलपासून जुलैपर्यंत, सुमारे १०० दिवसांत, ८ लक्षांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते. न्यामाता येथील ख्रिस्तमंदिरात आश्रयास आलेल्या हजारोंची कत्तल झाली. तेच मंदिर आज स्मारक झाले असून मृतांची वस्त्रे तेथे जपून ठेविली आहेत. मारणारे पुष्कळदा शेजारीच होते, आणि तेही ख्रिस्ताचे नाव घेणारे होते. आम्हां ख्रिस्ती लोकांना ही गोष्ट मान खाली घालावयास लावते. तेथे आरंभ शस्त्रांनी झाला नव्हता. बेल्जियमच्या अमलात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात लिहिली जाऊ लागली, आणि पुढे रेडिओवरून शेजाऱ्यास 'झुरळ' म्हटले जाऊ लागले. शब्द रुळला आणि मग हात उचलणे सोपे झाले.

हे वाचताना आमचीच एक चूक आम्हांस आठवली. काही वर्षांपूर्वी वर्गात एका मुलाचे पैसे हरवले. "पारध्याचाच असणार हा उद्योग," असे कोणी पुटपुटले आणि आम्ही, शिक्षक असूनही, प्रथम त्याच मुलाचे दप्तर उघडले. त्यात काही नव्हते. पैसे दुसऱ्या दिवशी हरवणाऱ्याच्याच पुस्तकात सापडले. पारध्याचा मुलगा मात्र आठ दिवस शाळेत आला नाही. शेवटी आम्ही त्याच्या पालावर गेलो व क्षमा मागितली. त्याच्या आईने आम्हांस बाजेवर बसविले आणि कोरा चहा दिला. गांधीनगरच्या गादीवर बसलो असता तीच बाज आमच्या डोळ्यांपुढे आली.

एका दप्तराची झडती आणि एक हत्याकांड ह्यांस एका तागडीत घालणे योग्य नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी आमचा हात त्याच दप्तराकडे गेला. कायदा पुस्तकातून गेला, पण आमच्या बोटांतून गेला नव्हता.

म्हणून आमचे मत असे आहे की, शाळेच्या सहलींनी किल्ल्यांबरोबर अशी स्मारकेही पाहावीत, आणि स्मारक पाहिल्यावर त्याच गावच्या बाजारात तासभर हिंडावे. पालकांस आमची विनंती आहे की, जेवताना घरात कोणत्या जातीचे नाव कोणत्या सुरात घेतले जाते, ह्याकडे लक्ष द्यावे. मुले तो सूर शाळेत घेऊन येतात. रवांडात आज ओळखपत्रावर जमात लिहीत नाहीत, आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सर्व नागरिक मिळून रस्ते झाडतात व गावची कामे करतात. विद्यार्थी मित्रहो, आपल्याला इतके दूर जावयास नको. उद्या वर्गात गेल्यावर पाहा, कोणत्या बाकावर एकच मुलगा बसला आहे. आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.