निवडक गाण्यांचा उंबरठा



एखाद्या गायकाची निवडक गाणी ऐकली, म्हणजे तो गायक कळला काय? बिदर-कलबुर्गीकडील आपल्या गावांत पूर्वी अशा निवडीची एखादी कॅसेट बाजारातून घरी येई. आता ती मुलांच्या मोबाईलवर क्षणात उघडते. साधन पालटले, प्रश्न मात्र तोच राहिला. एका उदाहरणाने त्याचा विचार करू.

क्वीन या इंग्रज रॉक वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फारूख बलसारा. १९४६ साली झांजिबार येथे पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला, आणि शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तेथे तो पियानो शिकला आणि सोबत्यांच्या 'द हेक्टिक्स' या वाद्यवृंदात वाजवू लागला. पुढे इंग्लंडमध्ये क्वीनने कीर्ती मिळविली आणि १९८१ साली त्यांच्या १७ गाण्यांचा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा संग्रह निघाला. ब्रिटनमध्ये याहून अधिक खपलेला दुसरा आल्बम नाही. २०२२ साली त्याने तेथे ७० लाखांचा टप्पा ओलांडला.

नवख्याला असा संग्रह खरोखर उपकारक असतो. थोड्या खर्चात, तासाभरात ओळख होते. त्यातील 'समबडी टू लव्ह' हे १९७६ चे गाणे ऐकावे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळांच्या समूहगायनाची धाटणी त्यात आहे. मात्र जो भलामोठा गायकवृंद ऐकू येतो, तो अवघ्या तिघांनी आपलेच आवाज पुनःपुन्हा ध्वनिमुद्रित करून, एकावर एक रचून उभा केलेला आहे.

परंतु ही निवड खपाच्या कसोटीवर झालेली असते. जे गाजले ते आत, जे गाजले नाही ते बाहेर. या संग्रहात १९७५ च्या गाण्यापुढे लगेच १९८० चे येते. कलावंत पायरीपायरीने कसा घडला, हे त्यावरून उमगत नाही. तबलजीच्या जागी ज्याला मानावे तो ड्रमवादक रॉजर टेलर स्वतः गीतेही रचीत असे. परंतु ब्रिटनमधील मूळ संग्रहात त्याचे एकही गीत नाही. तेवढेच ऐकणाऱ्याला वाटेल, हा केवळ ताल धरणारा. १९७३ च्या पहिल्या आल्बममधून तर एकही गाणे घेतलेले नाही. त्याच आल्बममध्ये, पारशी घरात वाढलेल्या मर्क्युरीने स्वतः रचलेले 'जीझस' नावाचे गाणे आहे! संग्रहावर थांबणाऱ्या ख्रिस्ती श्रोत्याला ते कधी भेटणारच नाही.

हे दूरचे वाटत असेल, तर घरचे पाहा. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत. परंतु मराठी माणसांच्या ओठांवर आहेत त्या भाषेची थोरवी सांगणाऱ्या मोजक्याच. त्या सुंदर आहेत, यात शंका नाही. पण तेवढ्यावरून फादर स्टीफन्स म्हणजे भाषेचे स्तुतिपाठक असा समज होतो, आणि ज्यासाठी त्यांनी लेखणी उचलली ती तारणाची कथा न वाचलेलीच राहते.

म्हणून घरोघरीच्या वडीलधाऱ्यांस एक विनंती. मुलाच्या खोलीतून एखादे कर्कश गाणे कानी पडले, तर तेवढ्यावरून त्या गायकाचा, आणि त्याहून मुलाचा, निवाडा करू नये. आणि तरुण मित्रांनो, पंधरा-सतरा गाणी ऐकून "मला हा गायक ठाऊक आहे" असे म्हणू नका. संग्रहातील जे गाणे मनाला भिडेल, त्याचा मूळ आल्बम शोधा आणि तो आरंभापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने ऐका. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आवडले, तर १९७५ चा 'अ नाइट अॅट दि ऑपेरा' पूर्ण ऐका. काही गाणी रुचणार नाहीत. तीही त्याच माणसाची आहेत.

निवड हा उंबरठा आहे. उंबरठ्यावर उभे राहून घराची शोभा सांगता येईल, घरातील माणसे मात्र आत गेल्यावाचून भेटत नाहीत.