निद्रिस्त देहातील जागता पहारा

मुलीची वेणी घालताना आईच्या ध्यानात येते की, एक खांदा किंचित वर आहे. मुलगी पुढे वाकली की पाठीची एक बाजू उंच दिसते. एक्स-रेमध्ये कणा एका बाजूस वळलेला आढळतो. ही वक्रता 45 ते 50 अंशांपलीकडे गेली, तर डॉक्टर बहुधा शस्त्रक्रिया सुचवतात. मग घर चिंचवडचे असो वा चाकणचे, आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : ‘कणा सरळ होईल, पण पाय गेले तर?’

ही भीती अनाठायी नाही. शस्त्रक्रियेत मणक्यांत स्क्रू बसवून ते धातूच्या सळ्यांनी सरळ रेषेत आणतात. त्याच मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढा मज्जारज्जू जातो. तो ताणला गेला किंवा त्याचा रक्तपुरवठा घटला, तर पायांतील शक्ती जाऊ शकते. किशोरवयातील नेहमीच्या वक्रतेत असा अपाय शंभरांत एकाहूनही कमी रुग्णांना होतो. जन्मजात दोष किंवा मोठे पोक असल्यास धोका वाढतो.

चाकणच्या कारखान्यांत गाडी पूर्ण झाल्यावरच नव्हे, तर जोडणीच्या टप्प्याटप्प्यावर तपासणी होते. मज्जारज्जूसाठी तर अखेरची तपासणी पुष्कळदा उशिराचीच ठरते. 1973 मध्ये फ्रान्समधील स्टान्यारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी मांडली : शस्त्रक्रियेच्या मध्येच भूल हलकी करून रुग्णास पाय हलवायला सांगायचे. ती आजही उपयोगी आहे. परंतु ती त्या एका क्षणापुरतेच सांगते, आणि लहान मुलांना सूचना पाळणे कठीण जाते.

आज दोन मार्गांनी अखंड पहारा ठेवता येतो. घोट्याजवळील मज्जातंतूला सौम्य विद्युतस्पंद देऊन तो मेंदूपर्यंत पोचतो का, हे टाळूवर नोंदवतात. उलट दिशेने, डोक्यावर स्पंद देऊन हातापायांच्या स्नायूंचा प्रतिसाद पाहतात. यासाठी भूलतज्ज्ञाला औषधे जपून निवडावी लागतात. स्नायू शिथिल करणारे औषध त्या काळात टाळले जाते. हातांचे आणि पायांचे संकेत एकदमच मंदावले, तर कारण भूल किंवा रक्तदाब असण्याचा संभव असतो. हातांचे शाबूत राहून केवळ पायांचे मावळले, तर संशय मज्जारज्जूवर जातो.

इशारा मिळताच सर्व जण थांबतात. यंत्राच्या जोडण्या तपासतात, रक्तदाब वाढवतात, रक्त कमी असल्यास देतात, सळीचा ताण सैल करतात, शंकास्पद स्क्रू काढतात. अनेकदा संकेत परत येतात. नाही आले, तर कणा पूर्ण सरळ करण्याचा हट्ट सोडणे हाच विवेक. थोडा वाकडा कणा चालेल, निकामी पाय नव्हे.

म्हणून शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी पालकांनी तीन प्रश्न नि:संकोच विचारावेत : दोन्ही मार्गांनी निरीक्षण होणार का? ते सांभाळणारी प्रशिक्षित व्यक्ती शेवटपर्यंत हजर असेल का? संकेत बिघडल्यास काय करायचे, हे आधी ठरले आहे का? निरीक्षण म्हणजे अभयाची हमी नव्हे; पण संकटाची चाहूल वेळेत लागण्याची ती मोठी आशा आहे. भीतीपोटी निर्णय वर्षानुवर्षे लांबवला, तर वक्रता वाढून शस्त्रक्रिया अधिक अवघड होते. लेकराच्या पाठीवर मायेने हात फिरवताना एकदा डोळसपणेही पाहावे.